समुद्रातले बारीक जीव कोणी मोजले?

१९७२ चा दुष्काळ मोठा की २०१२-१३ चा, हा वाद जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही पारावर आजही रंगतो. म्हातारी माणसे बहात्तरची खडी फोडण्याची कामे सांगतात, तरुण माणसे टँकरच्या रांगा सांगतात. दोघांचेही म्हणणे खरे असते. पण त्या त्या वर्षी पाऊस नेमका किती पडला हे ठरवायचे असेल तर तहसील कचेरीतली पर्जन्यमापकाची नोंदवहीच उघडावी लागते. माणसाची आठवण दुःख मोजते, मिलिमीटर मोजत नाही.

समुद्राच्या बाबतीत अशी नोंदवही कोठे आहे? हवामान बदलामुळे समुद्रातील जीवसृष्टी बदलते आहे असे आपण वाचतो, वर्गात शिकवतोही. परंतु 'बदलते आहे' असे म्हणण्यासाठी पूर्वी काय होते हे माहीत असावे लागते. समुद्राच्या अन्नसाखळीतील अतिशय महत्त्वाचा दुवा म्हणजे प्राणिप्लवक. हे बारीक जीव आपल्या समुद्रात पूर्वी किती होते, कोणकोणते होते, हे कोणी आणि कसे मोजले त्याचा इतिहास या लेखात आपण पाहणार आहोत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या आपल्याशी या इतिहासाचा काय संबंध, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येईल. तेव्हा प्रथम त्या शंकेचे निरसन करू.

आपल्या ओळखीचे प्राणिप्लवक

पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याइतके बळ ज्यांच्यात नाही आणि जे पाण्याबरोबर वाहत राहतात अशा सर्व जीवांना प्लवक म्हणतात. त्यांपैकी सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना किंवा एकमेकांना खाणारे ते प्राणिप्लवक.

आठवडी बाजारात मिळणारी सुकट आपल्या सर्वांना माहीत आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तिला जवळा म्हणतात. जवळा हा आखूड आयुष्याचा, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, कोळंबीसारखा दिसणारा जीव आहे. तो थव्यांनी पाण्याबरोबर वाहतो आणि मोठ्या प्राणिप्लवकांत गणला जातो. भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळी रोवून ठेवायची आणि प्रवाहाबरोबर जे वाहत येईल ते पकडायचे, ही कोळ्यांची जुनी पद्धत. वाहणारा जीव पकडायला वाहत्या पाण्याचीच मदत घेणारी ही युक्ती आहे. बोंबील हा मासा याच जवळ्यावर पोसतो.

दुसरी ओळख कडू आहे. नारू या रोगाचा जंतू माणसाच्या शरीरात शिरायचा तो पिण्याच्या पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटातून. रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास हा संबंध दाखवला. महाराष्ट्रातही पायऱ्यांच्या विहिरी असलेल्या गावांत हा रोग होता. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पाणी फडक्याने गाळून प्या, असे शिक्षकांनी गावोगावी सांगितले. म्हणजे ते लोकांना प्राणिप्लवक गाळायलाच शिकवत होते.

हा सायक्लॉप्स कोपेपॉड नावाच्या गटातला आहे. समुद्रातील प्राणिप्लवकांत सर्वाधिक संख्या याच गटाची असते. बहुतेक कोपेपॉड तांदळाच्या दाण्याहून लहान. वनस्पतिप्लवक खाऊन ते वाढतात आणि बांगड्यासारखे मासे त्यांना खातात. याशिवाय मासे, कोळंबी, खेकडे, कालवे यांची पिल्लेही आयुष्याचे पहिले काही दिवस वा आठवडे प्लवक म्हणूनच काढतात. ताटातील बहुतेक समुद्री मासळी एकतर प्राणिप्लवक खाऊन वाढलेली असते, किंवा लहानपणी स्वतःच प्राणिप्लवक असते.

जाळे कसे आले?

सायक्लॉप्स गाळणारे फडके आणि शास्त्रज्ञांचे जाळे यांच्यामागची कल्पना एकच आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथे लष्करी वैद्यकीय सेवेत असलेले जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी १८२८ च्या सुमारास समुद्राचे पाणी बारीक कापडातून गाळून तपासले. त्यांना असे दिसले की स्वतंत्र प्राणी म्हणून समजले जाणारे काही विचित्र जीव म्हणजे खेकड्यांची पिल्ले आहेत, आणि खडकाला चिकटून बसणारे बार्नेकल लहानपणी मुक्तपणे पोहतात. १८३२ च्या जानेवारीत 'बीगल' जहाजावर तरुण डार्विननेही कापडी पिशवी समुद्रात ओढून पाहिली आणि एवढ्या क्षुद्र जीवांच्या रूपसौंदर्याचे त्याला नवल वाटले.

'प्लँक्टन' हा शब्द १८८७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी रूढ केला. हेन्सन यांना मोजणी हवी होती. शेतात किती गवत आहे हे कळले तर किती गुरे पोसतील याचा अंदाज येतो, तसे समुद्रात किती प्लवक आहेत हे कळले तर किती मासे पोसतील हे सांगता येईल, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी १८८९ मध्ये त्यांनी अटलांटिक महासागरात मोहीम नेली. ठरावीक तोंडाचे जाळे ठरावीक खोलीवरून वर ओढायचे आणि त्यात आलेले जीव मोजायचे, ही त्यांची रीत.

एर्न्स्ट हेकेल या दुसऱ्या नामवंत शास्त्रज्ञाने यावर कठोर टीका केली. प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात, ढगांसारखे पुंजक्यांत असतात. तेव्हा चार ठिकाणी जाळे टाकून साऱ्या समुद्राचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे, असे त्याचे म्हणणे होते. या वादात दोघांच्याही बाजूला तथ्य होते. प्लवक पुंजक्यांत असतात हे खरेच. पण त्यावरचा उपाय मोजणी सोडून देणे हा नाही. पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ वेळा आणि एकाच रीतीने मोजणे हा आहे. हवामान बदलाच्या आजच्या प्रश्नाचे मूळ याच वादात आहे.

भारतीय समुद्रातील पहिल्या नोंदी

आपल्याकडे ही कामे 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर सुरू झाली. हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधले गेले होते. त्यावरचा डॉक्टर हाच निसर्गशास्त्रज्ञ असे. या पदावर आल्फ्रेड आल्कॉक आणि पुढे १९१० पासून सेमूर सेवेल यांनी काम केले. सेवेल यांनी भारतीय समुद्रातील कोपेपॉडांचे वर्णन करणारा जो ग्रंथ १९२९ ते १९३२ या काळात प्रसिद्ध केला, त्याचा आधार आजही जाती ओळखताना घ्यावा लागतो.

१९३३-३४ मध्ये 'माबाहिस' या इजिप्तच्या जहाजावरून अरबी समुद्राची जी मोहीम निघाली तिचे नेतृत्वही सेवेल यांच्याकडेच होते. जॉन मरे मोहीम या नावाने ती ओळखली जाते. अरबी समुद्रात सुमारे १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात विरघळलेला ऑक्सिजन अतिशय कमी असतो, हे या मोहिमेच्या मोजमापांतून स्पष्ट झाले. ऑक्सिजन मोजण्याची विंकलर यांची रासायनिक पद्धत १८८८ ची. ती मुळात आजही वापरली जाते, म्हणून ९० वर्षांपूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतात. प्राणिप्लवकांच्या बाबतीत मात्र असे करणे अवघड जाते. जाळ्याची वीण वेगळी, तोंड वेगळे, खोली वेगळी असली की दोन मोहिमांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. बारीक विणीच्या जाळ्यात पिल्ले अडकतात, जाड विणीच्या जाळ्यातून निसटतात. दिवसा आणि रात्री यांतही फरक पडतो, कारण अनेक प्राणिप्लवक दिवसा खोल जातात आणि अंधार पडल्यावर चरायला वर येतात.

चाळीस जहाजे, एक जाळे

ही अडचण ओळखूनच आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची आखणी झाली. १९६० ते १९६५ या काळात डझनाहून अधिक देशांची चाळीसहून अधिक जहाजे हिंदी महासागरात फिरली. भारतीय नौदलाचे 'किस्तना' हे जहाजही त्यांत होते. सर्वांसाठी एक प्रमाण जाळे ठरवण्यात आले. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर, वीण सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर. ते २०० मीटर खोलीवरून पृष्ठभागापर्यंत सरळ उभे ओढायचे असा नियम होता.

गोळा झालेले नमुने ठेवायचे कोठे? त्यासाठी कोचीन येथे हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्र उभारण्यात आले. जगभरच्या जहाजांवरून बरण्या तेथे येऊ लागल्या. प्रत्येक बरणीतील जीवांचे आकारमान मोजायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव सुईने वेगळा करून गटवार लावायचा, असे काम तेथील तरुण भारतीय संशोधकांनी वर्षानुवर्षे केले. हे काम डोळ्यांना थकवणारे आणि प्रसिद्धी न देणारे असते. पण त्यातूनच हिंदी महासागरातील प्राणिप्लवकांचे नकाशे तयार झाले. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात सोमालिया व अरबस्तानचा किनारा आणि भारताचा नैर्ऋत्य किनारा येथे प्राणिप्लवकांची रेलचेल असते, हे त्या नकाशांत दिसले. कारण सरळ आहे. मान्सूनच्या वाऱ्यांमुळे पृष्ठभागाचे पाणी बाजूला सरते, खालचे थंड व पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते, वनस्पतिप्लवक फोफावतात आणि त्यांवर प्राणिप्लवक वाढतात. जो वारा आपल्या शिवारात पाऊस आणतो तोच समुद्रातही एक प्रकारची खरीप पेरणी करतो.

या मोहिमेचे भारतातील सूत्रधार डॉ. एन. के. पणिक्कर हे १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यात दोना पावला येथे आले आणि कोचीनचे केंद्र तिचा भाग बनले. त्या काळी हवामान बदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. बरण्या भरणाऱ्यांना माशांचे साठे आणि जातींचे वितरण जाणून घ्यायचे होते. पण साठ वर्षांपूर्वीचा समुद्र कसा होता याची साक्ष आज त्याच बरण्या आणि नोंदी देतात.

उत्तर समुद्राचा धडा

सलग नोंदींनी काय साधते हे युरोपच्या उदाहरणावरून कळते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी एक यंत्र बनवले. रेशमी कापडाची लांब पट्टी त्यात हळूहळू गुंडाळली जाते आणि आत येणारे प्लवक तिच्यावर अडकत जातात. १९३१ पासून हे यंत्र नेहमीच्या मालवाहू जहाजांच्या मागे बांधले जाऊ लागले. शास्त्रज्ञाला जहाजावर जाण्याची गरजच उरली नाही. यंत्रात सुधारणा झाल्या, तरी पद्धत तीच राहिली.

या नोंदींचा अभ्यास करून २००२ मध्ये संशोधकांनी दाखवले की ईशान्य अटलांटिकमध्ये उष्ण पाण्यातील कोपेपॉड १९६० नंतरच्या चाळीस वर्षांत सुमारे १० अक्षांश, म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक, उत्तरेला सरकले आहेत. उत्तर समुद्रात थंड पाण्यातील जातीची जागा तिच्या चुलत भावंडाने घेतली. वरवर पाहता दोघांत फरक नाही. पण पहिली जात वसंतात भरपूर असते, दुसरीचा हंगाम उशिरा येतो. कॉड माशाच्या पिल्लांना अन्न वसंतात लागते. नेमके तेव्हा ताट रिकामे राहू लागले. म्हणून समुद्रात एकूण प्राणिप्लवक किती एवढे कळून भागत नाही. कोणत्या जाती, कोणत्या महिन्यात, हेही लिहून ठेवावे लागते.

आपल्या किनाऱ्यावर काय दिसते?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढले. याच काळातील जागतिक सरासरी वाढ ०.७ अंश होती. पाणी तापले की तीन गोष्टी घडतात. वरचे पाणी हलके होऊन खालच्या पाण्यावर तवंगासारखे बसते आणि पोषक क्षार वर येणे अवघड होते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. आणि कोपेपॉडसारख्या थंड रक्ताच्या जीवांची भूक व श्वसन वाढते, ते लवकर पण लहान आकाराचेच प्रौढ होतात.

पश्चिम किनाऱ्यावर ऑक्सिजनची अडचण मुळातच आहे. मान्सूनच्या अखेरीस खोल समुद्रातले ऑक्सिजन-रहित पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागात चढते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की ही स्थिती जुन्या नोंदींच्या तुलनेत तीव्र झाली आहे. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर १९९७ पासून संस्थेने वारंवार नमुने घेण्याचे सत्र चालवले, ते याच प्रश्नासाठी. अशा वेळी प्राणिप्लवकांना दिवसा खोल अंधारात लपण्याची जागा उरत नाही. ते पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात कोंडले जातात आणि माशांच्या तोंडी सहज पडतात.

दुसरा बदल डोळ्यांना दिसणारा आहे. २००० नंतर हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा हिरवा तवंग मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर व सिंधुदुर्गात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला लोकांनी गर्दी केली, ती चमक याच जीवाची. तो अन्नही खातो आणि पोटात हिरव्या पेशी पाळून प्रकाशावरही जगतो. कोपेपॉडांना तो खाता येत नाही. त्याला जेलीफिश व साल्प यांसारखे जीव खातात, आणि त्यांपासून बांगड्याचे पोट भरत नाही. मूळ गोव्याचे शास्त्रज्ञ हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएश यांनी या बदलाचा संबंध ऑक्सिजनच्या कमतरतेशी व पुढे हिमालयातील बर्फ घटण्याशी जोडला. इतर भारतीय संशोधकांनी त्यातील ऑक्सिजनच्या कारणाबद्दल शंका घेतली आहे. कारणाचा हा वाद अजून मिटलेला नाही.

याहून बोलके उदाहरण वनस्पतिप्लवकांचे आहे. उपग्रहाने टिपलेल्या सात वर्षांच्या सागररंगावरून २००५ मध्ये एक निष्कर्ष आला की पश्चिम अरबी समुद्रातील वनस्पतिप्लवक कित्येक पटींनी वाढले आहेत. २०१६ मध्ये पुण्याच्याच संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी अधिक लांब काळ घेऊन पाहिले, तेव्हा पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट दिसली. पहिला अभ्यास खोटा नव्हता, त्याची खिडकी लहान होती. चार चांगल्या पावसाळ्यांवरून मराठवाड्याचे पर्जन्यमान वाढले असे म्हणता येत नाही, तसेच हे.

आणि उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, कोपेपॉड दिसत नाहीत. हिरव्यावरून त्यांचा अंदाज बांधावा, तर तेही फसवे ठरते. १९९० च्या दशकात डॉ. एम. मधुप्रताप व सहकाऱ्यांनी दाखवले की अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक ऋतूनुसार खूप कमीजास्त होतात, पण वरच्या थरातील प्राणिप्लवकांचे प्रमाण फारसे बदलत नाही. टंचाईच्या महिन्यांत जिवाणू आणि त्यांना खाणारे सूक्ष्म जीव हेच त्यांचे अन्न होते. तेव्हा प्राणिप्लवक मोजायचे तर जाळे टाकण्याला पर्याय नाही.

कारणे वेगळी कशी काढायची?

जुन्या आकड्यांशी आजचे आकडे जुळले नाहीत म्हणजे सगळा दोष हवामानाचा, असेही नाही. मुंबईसारख्या शहरांचे सांडपाणी किनाऱ्याला मिळते. यांत्रिक बोटींनी मासे उपसले की प्राणिप्लवकांना खाणारे कमी होतात. नद्या अडवल्या की किनाऱ्याला मिळणारे गोडे पाणी आणि गाळ बदलतो. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांच्या कडेने, वाहणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्यावर पैठणला जायकवाडीचे धरण आहे आणि पुढेही बांध आहेत. आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचणारा गाळ धरणांमुळे घटला आहे. हवामान, सांडपाणी, मासेमारी, धरणे हे सर्व एकाच वेळी बदलत असताना कोणाचा वाटा किती, हे सुटे करण्यासाठी एकाच जागी, एकाच रीतीने घेतलेल्या अनेक दशकांच्या नोंदी लागतात. हिंदी महासागरात मालवाहू जहाजांमागे अखंड चाललेली हार्डींसारखी मालिका आपल्याकडे नाही. २०१५ मध्ये गोव्यातून दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा आरंभ झाला. पहिल्या मोहिमेच्या जागी पुन्हा जाऊन पाहण्याची संधी त्यातून मिळाली. परंतु जाळे ओढणारे हात मिळाले तरी सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखणारे डोळे कमी होत आहेत, ही चिंता आम्हा संशोधकांना आहे. ती विद्या पुस्तकातून थोडी आणि जाणत्याशेजारी बसून पुष्कळ शिकावी लागते.

वर्गासाठी

हे काम समुद्राशिवायही समजून घेता येते. जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव, मोती तलाव, किंवा कडवंचीसारख्या गावांतली शेततळी येथे प्राणिप्लवक असतातच. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरतो, म्हणून विद्यार्थ्यांना काठावर नेऊ नये. शिक्षकांनी दोरीच्या बादलीने पाणी काढावे. २० लिटर पाणी दुपदरी बारीक नायलॉनच्या कापडातून गाळावे, कापड वाटीभर पाण्यात धुवावे आणि पांढऱ्या बशीत घेऊन भिंगाने पाहावे. झटके देत पोहणारा, मादी असल्यास शेपटीपाशी अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगणारा तो सायक्लॉप्स. उड्या मारणारी जलपिसू म्हणजे डॅफ्निया. दोन्हींची संख्या लिहावी. शेजारी तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, किती लिटर गाळले आणि कापड कोणते, हेही लिहावे. पुढच्या महिन्यात तेच कापड, तेवढेच पाणी, तीच वेळ.

पहिल्या वर्षी या वहीतून फारसे काही कळणार नाही. मुलांना तसे आधीच सांगावे. कापड फाटले आणि बदलावे लागले तर तीही नोंद करावी. शिक्षकांची बदली झाली तर वही शाळेत ठेवून जावी आणि नव्या शिक्षकांना कापड कोठे ठेवले आहे तेही सांगावे.